झाड द्यायचं की नाही, ते देवाजीभाऊ ठरवणार!

नर्सरी चालवायला घेतली की झाडांपेक्षा किस्सेच जास्त उगवतात. झाडांना निदान पाणी तरी घालावं लागतं, किस्से बिनपाण्याचे वाढतात!

पोंभुर्णा रोडवर माझी आणि देवाजीभाऊंची पार्टनरशिपमध्ये नर्सरी आहे. कामाची वाटणी सरळ आहे. गिऱ्हाईक मी आणते आणि देवाजीभाऊ त्याला परत पाठवतात! समोरचा माणूस झाड जगवणार अशी खात्री पटल्याशिवाय हा गृहस्थ कुंडीला हात लावू देत नाही. त्यांची मुलगी प्रणाली काउंटरवर बसते. बाप 'नाही' म्हणून वळला की ती गिऱ्हाइकाला गुपचूप झाड देते. आमचा धंदा तिच्यामुळेच चालला आहे.

*

पळस फुलला की आमचा सीझन सुरू. चंद्रपूरहून एक मॅडम कार घेऊन आल्या. फुलांनी लगडलेल्या पेटुनियाच्या कुंड्या त्यांनी भराभरा बाजूला काढल्या. मी खूश!

देवाजीभाऊ आले. "मॅडम, मे महिन्यात तुमी कुठी राहता?"

"मेमध्ये? छे! इथलं ऊन कोण सोसणार? मी पुण्याला माहेरी जाते."

"मंग त्या पेटुनियानं काय घोडं मारलं? तिलेबी घेऊन जा!"

मॅडम आधी रागावल्या, मग खो खो हसल्या. शेवटी मोगरा घेऊन गेल्या, कारण "त्याले आपल्या उन्हाची सवय आहे" असं सर्टिफिकेट भाऊंनी दिलं. एवढ्या पेटुनियांच्या जागी एक मोगरा! मी डोक्याला हात लावला.

*

एकदा सूरजागडकडे लोखंडाच्या खाणीवर नोकरी करणारे एक साहेब पिशवीभर माती घेऊन आले. लालभडक. "क्वार्टरसमोर गुलाब लावायचेत. ही माती चालेल का?"

भाऊंनी माती चिमटीत धरली, हुंगली, उन्हात नेऊन पाहिली. "साहेब, लोखंडच आणलं तुमी! याच्यात गुलाब लावाल तर काट्यायच्या जागी खिळे येतीन!"

साहेबांचा चेहराच उतरला. तेव्हा भाऊंना दया आली. शेणखत किती, धानाचा कोंडा किती, सगळं समजावलं आणि चक्क गुलाबही दिले. त्या दिवशी मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते.

*

जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टवाल्याने आमच्याकडून लॉन करून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात तो तणतणत आला. रात्री चितळांचा कळप आला आणि सगळं लॉन चरून गेला! "गॅरंटी दिली होती तुम्ही!"

"दिली होती ना! गवत कवळं अन् हिरवंगार राहीन म्हणलो होतो," देवाजीभाऊ शांतपणे म्हणाले. "अख्ख्या जंगलात खायले असून चितळायनं तुमचंच पसंत केलं. अजून काय पाह्यजे?"

आता तो रिसॉर्टवाला पाहुण्यांना पहाटे उठवून लॉनवरची चितळं दाखवतो म्हणे!

*

विकलेल्या झाडांवरही भाऊंचा जीव असतो. कोणाकडेही गेले की आधी परसात डोकावणार. एका गिऱ्हाइकाचे आजोबा वारले. आम्ही दोघं तेरवीला गेलो. माणसं हळू आवाजात बोलत होती. भाऊ परसात जाऊन आले आणि यजमानाचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजोबा गेले, लय वाईट झालं. पण त्या जास्वंदाले पाणी काऊन नाई देऊन राह्यले?"

मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

*

आणि मग राकेश. पोंभुर्ण्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान असलेला सरळ मुलगा. पण हाताला झाडाचं यश नाही! दर रविवारी हजर. गुलाब मेला, दुसरा द्या. जास्वंद मेलं, मोगरा द्या. तोही मेला.

"कशानं मेला?" भाऊ विचारायचे.

"उन्हानं, काका."

"थंडीच्या दिवसात?"

शेवटी त्याने झेंडू मारला, तेव्हा भाऊ हतबुद्ध झाले. "अरे, झेंडू तं उकिरड्यावर उगवते! त्याले मारायलेबी मेहनत लागते!"

त्याची नजर झाडांवर नसून काउंटरवर असते हे मला दिसत होतं. असं लक्ष असल्यावर झाड मरणारच, असं मी धरून चालले.

फाल्गुनात राकेशच्या घरून प्रणालीसाठी मागणं आलं. घर चांगलं, धंदा चांगला, प्रणालीला तर तो मनापासून हवा होता. देवाजीभाऊ मात्र अडून बसले. "ज्याच्या हातात झेंडू जगत नाई, त्याच्या हातात पोरगी कशी देऊ, वहिनी?"

प्रणालीने दोन दिवस डबा उघडला नाही. "काकू, तुम्ही तरी सांगा ना बाबांना," म्हणाली आणि रडली. मलाही भरून आलं. कसंबसं मी भाऊंना निदान घर पाहायला तयार केलं.

गेलो. राकेशने आम्हाला पुढच्या खोलीतच बसवलं. चहा झाला, पोहे झाले. भाऊ हात धुवायला म्हणून उठले, तसा हा ताडकन उभा राहिला. "काका, इथीच पाणी आणतो ना! मागं लय पसारा आहे!"

भाऊ कशाला ऐकतात? मागचं दार उघडून ते परसात गेले. मी मागोमाग.

परसात आमचे गुलाब होते. जास्वंद होतं. झेंडू कुंपणापर्यंत पसरला होता. मोगरा कळ्यांनी भरला होता. प्रत्येक झाडाला आमच्या नर्सरीचं लेबल, प्रणालीच्या अक्षरातलं. एकही झाड मेलेलं नव्हतं!

राकेश दारात उभा. घाम फुटलेला, मान खाली.

देवाजीभाऊ एकेका झाडापाशी थांबले, पानं उलटून पाहिली. मग मोगऱ्याजवळ खाली बसले, मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून निरखलं आणि वर न पाहताच म्हणाले,

"जवाईबापू, मोगऱ्याले पाणी जरासं जास्त होऊन राह्यलं!"