मेमोवरची माझी सही

लखनौतल्या आमच्या सरकारी कार्यालयात माहिती-सुरक्षेचं खातं म्हणजे मी आणि माझ्या हाताखालची चार माणसं. दोन वर्षांत त्यांतली तिघं गेली. एक गुरुग्रामला, एक बंगळुरूला, आणि तिसऱ्यानं तर कुठं चाललोय तेही सांगितलं नाही. थांबवायला मी काय नाही केलं? कोर्सला पाठवलं, रजा अडवल्या नाहीत, वाढदिवसाला निशातगंजच्या बेकरीतून केक आणले. केक खाल्ले आणि गेले.

उरली एक. लखनौतल्याच जानकीपुरमची मुलगी, तिशीच्या आतली, कमी बोलणारी, पण स्क्रीनवर काही वावगं दिसलं की सगळ्यांत आधी तिच्या लक्षात यायचं.

एका सोमवारी सकाळी तिच्या लक्षात आलं, की बाहेरून कुणीतरी आत शिरलंय आणि पेन्शनरांच्या फायली एकेक करून लॉक होताहेत. मी दिल्लीच्या विमानात होते, फोन बंद. मोठे साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. त्यांनी फोन उचलला नाही. तिनं मग कुणाला न विचारता सर्व्हरची केबल ओढून काढली. बहुतेक सगळ्या फायली बचावल्या. साहेबांची कॉन्फरन्स मात्र वरिष्ठांसमोर मध्येच बंद पडली.

दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "बिना परमिशन सिस्टम बंद कर दिया. मेमो दीजिए."

"सर, उसने हमें बचाया है."

"वो अलग बात है."

मी सही केली. माझं प्रमोशन त्यांच्याच टेबलावर अडलं होतं, उगाच दुसरं कारण कशाला सांगू? एक कागद तर आहे, विसरेल ती, अशी मनाची समजूत घातली.

आठवडाभरात तिचा राजीनामा आला.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईंनी चहा दिला, म्हणाल्या, "बिटिया आपकी बहुत तारीफ़ करती थी." मी ओठाला लावलेला कप तसाच खाली ठेवला. मग मुलगी समोर येऊन बसली आणि मी बोलतच सुटले. पद वाढवून मागते, घरून काम करायची सोय बघते, चांगल्या ट्रेनिंगला नाव पाठवते. यातलं एकही माझ्या हातात नव्हतं. तिलाही ते माहीत होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मैडम, कल फिर वही हुआ तो तार खींचूँ या परमिशन लूँ?"

मी पुन्हा ट्रेनिंगचंच बोलायला लागले. तिनं मला थांबवलं.

"मेमो वापस हो सकता है?"

"वो मेरे हाथ में नहीं है."

"साइन तो आपके थे."

मी चक्क हात जोडले. "तू गेलीस तर मी बुडाले गं," तोंडातून मराठीच निघालं. तिला शब्द कळले की नाही कोण जाणे. "ऐसा मत कीजिए मैडम," म्हणत तिनं माझे हात खाली केले आणि आत निघून गेली.

त्या संध्याकाळी रेल्वेत सिग्नलचं काम बघणाऱ्या माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "धोका दिसला म्हणून गाडी थांबवणाऱ्याला आमच्याकडे शाबासकी देतात. तू सही कशी केलीस?"

सोमवारी मी फायलीवर लिहिलं: मेमो देण्यात माझी चूक झाली, तो मागे घ्यावा, आणि धोका दिसताच सर्व्हरचं कनेक्शन तोडण्याचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला द्यावा. फाईल परत आली तेव्हा तिच्यावर साहेबांचे दोनच शब्द होते: 'चर्चा करें', म्हणजे विषय लांबणीवर. तोवर मुलगी पुण्याच्या एका कंपनीत रुजू झाली होती.

तिच्या जागेची जाहिरात दोनदा निघाली. जो निवडला गेला तो आलाच नाही. आता दिवसभर स्क्रीनसमोर मीच बसते. डबा बऱ्याचदा तसाच घरी जातो.

गेल्या महिन्यात एक लॉगिन मला विचित्र वाटलं. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून तिला फोन लावला. घाईघाईनं सांगायला लागले तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"मैडम, मुझे मत बताइए. मैं अब बाहर की हूँ."

बाहेरच्या माणसाला आतलं काही सांगायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं. "सही बात है," मी म्हणाले. ते लॉगिन अजून स्क्रीनवर होतं; केबल ओढायची की परवानगी मागायची, ते आता मलाच ठरवायचं होतं. फोन ठेवायचं मात्र धाडस होईना.