दहा पावलांचे अंतर

आज सकाळी माळावर हिंडून आलेली तेजी नेहमीप्रमाणे माझ्यापासून दहा पावलांवर थांबली. कारवानी जातीची ही शिकारी कुत्री हाक ऐकते, मान वळवते आणि यायचे की नाही, हे स्वतः ठरवते. पूर्वी ती उशिरा परतली की मी तिला रागावत असे. एकदा पट्ट्याने मारलेही. तेव्हापासून ती जवळ येईनाशी झाली. शेजारचे मेंढपाळ सखारामतात्या हसून म्हणाले होते, "साहेब, आल्यावर मार बसतो, एवढंच शिकवलंत की तिला! आता पाठ फिरवून बसा गुमान."

हे घरी सांगितले, तेव्हा भाकरी थापता थापता पत्नी म्हणाली, "पोरींनाही उशीर झाला की दारातच गाठायचात. आल्या याचा आनंद कधी बोललात?"

माझी काळजी तोंडातून बाहेर पडताना नेहमी रागाचेच रूप घेत आली आहे.

महिनाभर मी रोज पाठ फिरवून बसतो आहे. आजही बसलो. मागे गवत सळसळले, थांबले, पुन्हा सळसळले. मग एक ओले नाक माझ्या मानेला टेकले. मी तिला पकडले नाही. "आलीस?" एवढेच म्हणालो आणि मोठ्याने हसत सुटलो. तेजी माझ्याभोवती गरगर धावत राहिली.

रविवारी धाकटी लेक येणार आहे. तिला नेहमीच उशीर होतो. या वेळी दारात उभे राहून काय म्हणायचे, ते मला ठाऊक आहे.