साळवे साहेबांचं पिवळं तण

बदनापूरच्या स्टेशनमागच्या कॉलनीत देवानंद साळव्यांना अजूनही सगळे साहेबच म्हणतात. बत्तीस वर्षं कृषी सहाय्यकाची नोकरी केली आणि तेवढ्या काळात जालना जिल्ह्यातल्या किती बांधांवर उभं राहून त्यांनी तणावर भाषणं ठोकली याची गणतीच नाही. हरळी दिसली की साहेबांच्या अंगात यायचं. समोर चाळीस शेतकरी असोत की एकटी म्हातारी, भाषण पाऊण तासाच्या आत संपत नसे.

एवढं करून स्वतःच्या नावावर मात्र गुंठाभर रान नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, हे दुसऱ्यांच्या शेतात शिकवत फिरले. निवृत्तीनंतर घर बांधलं, तेव्हा समोर वीस बाय तीस फुटांची माती मोकळी राहिली. ही त्यांची पहिली जमीन. रोज सकाळी चहाचा कप हातात धरून ते तिच्या कडेकडेने असे फिरत, की बघणाऱ्याला वाटावं चाळीस एकरांची पाहणी चालली आहे.

या जमिनीत त्यांनी पहिलं काय लावलं, तर एका मंगल कार्यालयाच्या कुंपणाशी दिसलेली, भुईसरपट पसरणारी पिवळ्या फुलांची वेल. नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात. साहेबांनी लग्नाचं जेवून हात धुतल्याबरोबर एक फांदी खुडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि घरी आणून खोचली. हुशार माणसाने चूक करायची ठरवली की तो ती किती काळजीपूर्वक करतो!

पहिल्या वर्षी वेलीने कोपरा घेतला. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बायकोचा, कौसल्याबाईंचा, मेथीचा वाफा गिळला. तिसऱ्या वर्षी ती पायरी चढून चपलांपर्यंत आली. कांडं मातीला टेकलं की तिथे मूळ धरायचं. साहेब आपले ‘फुलं काय सुरेख आहेत’ म्हणत बसले. मग एका दुपारी त्या हिरव्या गादीतून चांगली पाच फुटी धामण निघाली आणि कौसल्याबाईंच्या पायावरून शांतपणे निघून गेली.

“बस झालं,” कौसल्याबाई म्हणाल्या. “दसऱ्याला दीक्षाभूमीवरून आलो की मिस्त्री बोलावते. गेटापासून पायरीपर्यंत समदी फरशी टाकून घेते. तुमचं पिवळं बी नको अन् माती बी नको.”

“अगं, साधं तण हाये. महिन्यात काढून दाखवतो.”

“निघालं तर ठीक. न्हाई निघालं तर फरशी.”

साहेबांनी मातीकडे पाहिलं. वेल गेली तर जाऊ दे, पण मातीवर सिमेंट?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भाड्याने पॉवर टिलर, म्हणजे हाताने धरून चालवायचा छोटा रोटाव्हेटर, आणला. आता काय म्हणावं या माणसाला! हरळीच्या रानात रोटाव्हेटर घालू नका, एका काडीच्या शंभर होतात, असं हाच माणूस बत्तीस वर्षं घसा फोडून सांगत होता. टेंभुर्णीच्या कडूबाने एकदा नेमकं तेच केलं, तर साहेबांनी पुढची दहा वर्षं प्रत्येक मेळाव्यात ‘कडूबासारखं करू नका’ म्हणून त्याचा उद्धार केला, तोही कडूबा पहिल्या रांगेत बसलेला असताना. पण स्वतःच्या जमिनीवर यंत्र चालवायची हौस अशी दांडगी, की शहाणपण गेटाबाहेरच राहिलं. तासाभरात माती भुसभुशीत झाली. साहेबांनी टिलरला हात लावून फोटो काढला आणि पुण्याला मुलीला पाठवला.

मग आठ दिवस रिमझिम लागली. पंधराव्या दिवशी प्रत्येक तुकड्याला दोन-दोन पानं.

कौसल्याबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. “उगवण बराबर झाली,” त्या म्हणाल्या. “एक दाणा वाया गेला न्हाई.”

तिसऱ्या दिवशी साहेबांनी फोन उचलला. असं यंत्राने पसरलेलं तण नंतर मुळासकट घालवलेला एकच माणूस त्यांना ठाऊक होता, आणि त्यालाच फोन करायचा म्हणजे नाक मुठीत धरणं आलं. पण फरशी नाकापेक्षा वाईट होती.

कडूबा दुसऱ्या दिवशी खुरपं आणि रिकामं पोतं घेऊन हजर झाला. त्याने अंगणावर नजर फिरवली.

“साहेब, असं कसं झालं?”

“पॉवर टिलर घातल्ता.”

कडूबा इतका हसला, इतका हसला, की पायरीवर बसून त्याला पाणी मागावं लागलं. साहेब मान खाली घालून उभे. ही वेळ आपणच ओढवून घेतली, हे त्यांना पुरतं कळत होतं.

“चुकलं माझं, कडूबा. आजचं बी अन् तवाचं बी.”

“जाऊ द्या हो,” डोळे पुसत कडूबा म्हणाला. “मातीत ओल हाये तवर खणायचं. काडी न काडी वेचायची, भुईवर टाकायची न्हाई, बिलकुल. पोत्यात भरायची, गच्चीवर कडकडीत वाळवायची अन् जाळायची. मंग पाणी मारायचं, उगवलं की पुन्हा वेचायचं.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमीच! पाऊण घंटा बोलल्ते. मी आखरीची पाच मिनटं ऐकली.”

त्या दिवसापासून चौसष्ट वर्षांचे साहेब गुडघ्याखाली पोतं घेऊन मातीत बसू लागले. आठ दिवस कौसल्याबाईंनी दारातून नुसती टीका केली. नवव्या दिवशी साहेब चष्मा नसताना कोपऱ्यात नव्याने पेरलेली मेथीही उपटताना दिसले, तेव्हा त्या कपाळाला हात लावून खाली उतरल्या. “सरका तिकडं. तुमाला दिसून तरी राह्यलं का काही?” मग रोज दोघं वेचत. दसऱ्यापर्यंत तीन फेऱ्या झाल्या, गच्चीवर सतरा पोती वाळली, आणि अंगण काळंभोर दिसू लागलं.

नागपूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्री टेप घेऊन आला. बाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. साहेब गेटापाशी उभे राहिले.

कौसल्याबाई मातीत उतरल्या, वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, “गेटापासून पायरीपर्यंत दीड फुटाची वाट कर. बस, तेवढीच.”

“अन् बाकीचं, मावशी?”

“बाकी ह्यांचं वावर हाये. त्यात पाय देऊ नको.”

साहेबांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते मिस्त्रीच्या टेपचं दुसरं टोक धरायला गेले. कौसल्याबाईंची उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली होती. मघाशी वाकून उपटलेला त्या वेलीचा दोन पानांचा कोंब तिच्यात होता, आणि तो त्यांनी साहेबांना काही दाखवला नाही.