धने-जिऱ्याची बाटली

“संडास घरच्या मान्सांचा हाय. तुमाला एवढं रान पडलंय की!”

मालकीणबाई हे माझ्या आईला म्हणाली. पायरीवर उभी राहून, हातात धन्याची पुडी घेऊन. आईला उन्हाळी लागली होती. लघवीला आग व्हायची, थेंब थेंब व्हायची. बाईला ते कळलं, तेव्हा तिने आपणहून उपाय सांगितला. “धनं-जिरं भिजव. सकाळी गाळून पी. दिवसभर पानी पीत ऱ्हा. लई गुन येतो.” आईने दबकत विचारलं, “मंग बाई, तेवढं तुमच्या संडासात जाऊ का?” त्यावर ते उत्तर आलं. पुडी तिने आईच्या ओंजळीत वरून टाकली, हाताला हात न लावता. आम्ही बौद्धवाड्यातल्या. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

कसलं रान? कोल्हारच्या अलीकडचं कांद्याचं रान. लागवडीचे दिवस. पाणी सोडलेले वाफे, वीतभर रोपं, शेजारचा ऊस नुकताच तुटलेला. एका अंगाला रस्ता. दोघींनी आडोशाला लुगडं धरायचं आणि तिसरीने बसायचं, ही आमच्या लागवडीच्या बायकांच्या टोळीची रीत. त्यावर मालक बांधावरून ओरडायचा, “एकीला मुतायला तिघी लागत्यात का गं?” गडी हसायचे. आम्हीही मान खाली घालून हसायचो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

म्हणून आमच्यातली कुणीच दिवसा पाणी प्यायची नाही. सकाळी चहा, दुपारी भाकरीवर दोन घोट. बस्स.

आईने मात्र धने-जिऱ्याच्या पाण्याची बाटली भरून आणली. दोन दिवस प्यायली. आग खरंच कमी झाली. “गुन हाय गं,” म्हणाली. पण सारखं उठावं लागायचं. तिसऱ्या दिवशी मालक भर टोळीत म्हणाला, “म्हातारे, कांदं लावाया आलीस का मुताया?”

आई त्यानंतर उठलीच नाही. ओणवी राहून रोपं लावत राहिली आणि लुगडं भिजलं. खाली चिखल होता. तिला वाटलं, कुणाला कळणार नाही. मी शेजारच्याच वाफ्यात होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली. तिच्या पोटची लेक मी, आणि मी नजर फिरवली. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाटली आणायची, पण प्यायची नाही. संध्याकाळी निघताना बांधावर ओतायची आणि रिकामी बाटली मला दाखवायची. “समदं पेले बघ.” मी तिला ओतताना पाहिलं होतं. तरी गप्प बसले.

मग हुडहुडी भरली. कमरेत कळा. काढ्याने उतरेल म्हणत तिने चार दिवस ताप अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तोवर इन्फेक्शन किडनीतून रक्तात गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, “ताप आला त्याच दिवशी का नाही आणलं? पाणी प्यायच्या का त्या?” आई गेली. लघवीला बसायला जागा नव्हती म्हणून माझी आई गेली.

टोळी आता मी नेते. पुढच्या लागवडीला मालकीणबाई स्वतः बोलवायला आली. आमच्या अंगणात उभी राहून चुकचुकली. “धनं दिल्तं मी तिला. पेली न्हाई वाटतं.”

माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणाले, “धनं आमच्या घरातबी हुतं, बाई. आधी संडास दाखवा. मंग येतो.”

“कामाची गरज न्हाई का तुमाला?”

“हाय. लई हाय. पर आधी संडास.”

ती तणतणत निघून गेली. टोळीतल्या दोघी तिच्याकडे कामाला गेल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याही घरी चूल आहे.

आता रोपाला हात लावण्याआधी मी प्रत्येक मालकाला ते एकच विचारते. घरातला उघडत नसाल तर बांधाला चार बांबू रोवा, ताडपत्री बांधा, दार लावा. काहींनी केलं. काहींनी दुसरी टोळी आणली. खुशाल आणा. माझ्या टोळीतली बाई भरलेली बाटली घेऊन येईल आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत पिऊन संपवेल. ज्या रानात हे चालणार नाही, त्या रानात आमच्या हाताने एक रोप लागणार नाही.