पाटाच्या बाईची हळद

मुडबीच्या धनगरवाड्यातून गुलबर्ग्याच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेलेली पहिली मुलगी म्हणजे सिद्धाप्पाची अंबिका. बोलायला तिखट, चालायला ताठ. बसमध्ये बायकांच्या जागेवर कुणी पुरुष बसला की ती त्याला कलम सांगायची, आणि तसं कलम नसलंच तर तिथल्या तिथे तयार करायची. गडी मुकाट उठायचा. गावाला तिचं कौतुक होतं आणि थोडी धास्तीही.

फक्त आईचा विषय निघाला की ही वाघीण गप्प व्हायची.

तिची आई बाणूबाई ऐन सोळाव्या वर्षी विधवा झाली होती. पहिला नवरा मेंढरांमागे रानात होता, तिथेच साप चावून गेला. वर्ष सरल्यावर जातीच्या चार शहाण्यांनी बसून धाकट्या दिराशी, म्हणजे सिद्धाप्पाशी, तिचा पाट लावून दिला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. अंधार पडल्यावर लावायचं, वाजंत्री नाही, मांडव नाही, हळद नाही. संसार मान्य, लेकरं मान्य, मान तेवढा मिळायचा नाही. पाटाच्या बाईने कुणाच्या लग्नात हळदीच्या जात्याला हात लावायचा नाही आणि नवरीच्या अंगाला तर नाहीच नाही. भावकीतल्या प्रत्येक लग्नात बाणूबाई मागच्या अंगणात चुलीपाशी असायची. तिच्या हातची हुग्गी, म्हणजे लग्नातली गव्हाची खीर, सगळ्यांना चालायची. हात मात्र चालत नव्हता.

विद्यापीठात ‘कायदा आणि स्त्री’ हा विषय मालतीबाई शिकवत. आचार्यांच्या ब्राह्मण घरातल्या, मनाने मोठ्या, बोलणं मऊ. एकदा त्या विधवांच्या पुनर्विवाहाच्या जुन्या कायद्याबद्दल शिकवत होत्या. इंग्रजांच्या काळात हा कायदा आला तेव्हा केवढी खळबळ उडाली, हे त्या रंगवून सांगत होत्या. आईबद्दल वर्षभर तोंड मिटून बसलेल्या अंबिकाला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. ती उठून म्हणाली की आमच्यात हे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, माझ्या आईचाच पाट झालाय. मालतीबाई व्यासपीठावरून खाली आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अंबिकाच्या प्रबंधाचा विषय तिथेच ठरला.

ज्याची इतकी वर्षं लाज वाटली, त्याचाच आता तोरा झाला. सुट्टीत घरी आली की ती आईच्या शेजारी बसून एकेक विचारायची. पाट लागला तेव्हा काय वाटलं, कोण काय बोललं, दुसऱ्यांच्या लग्नात कसं वाटतं. बाणूबाई जोंधळे निवडत निवडत सांगायची. जन्मात कुणी तिला हे विचारलं नव्हतं. आधी ती लाजली, मग रडली, मग तिला बोलायची गोडी लागली. असंच एकदा अंबिका भरात येऊन म्हणाली, “माय, माझ्या लग्नात पयली हळद तूच लावायचीस.”

“लोक काय म्हनतील?”

“म्हनू दे. कायदा हाय.”

हळद कुणी लावावी याचा कायदा कुठल्याही देशात नाही. पण लेक म्हणते म्हणजे असेल, असं बाणूबाईने धरलं आणि ती वाट बघू लागली.

२००६ च्या उन्हाळ्यात अंबिकाचं लग्न ठरलं. मुलगा सुनीलकुमार, जातीतलाच, राजेश्वर गावच्या हायस्कुलात मास्तर. शिकलेला, सरळ, आणि बायकोच्या प्रबंधाचं स्वतः बायकोपेक्षा जास्त कौतुक असलेला. हळदीच्या सकाळी मांडवात दोन्हीकडच्या बायका जमल्या. पुरुष पलीकडच्या कडेला गप्पा मारत बसले होते, त्यांत सुनीलकुमारही होता. चुलती निलम्मा हळदीचं ताट घेऊन उभी होती. एवढ्यात मागच्या अंगणातून बाणूबाई आली. नवं इरकल नेसलेली, चुलीची राख चोळून चोळून हात धुतलेली. ताटापासून चार हातांवर येऊन ती थांबली.

नवऱ्याची मावशी लक्ष्मम्मा शेजारणीच्या कानाशी लागली. “पाटाची हाय न्हवं ती?” कुजबुज मांडवभर फिरली. नको असं मात्र कुणीच म्हटलं नाही, हे नीट ध्यानात घ्या. सगळ्या जणी अंबिकाकडे बघत होत्या. शिकलेली पोर आहे, कायद्याची आहे, काय ते आता तीच सांगेल. बाणूबाईही तिच्याकडेच बघत होती. ‘ये माय’ एवढंच म्हणायचं होतं. लक्ष्मम्माने फार तर नाक मुरडलं असतं.

पण त्या घडीला अंबिकाच्या मनात भलतंच आलं. मायचा पहिला नवरा गेला. तिच्या हातची हळद लागली आणि माझ्या सुनीलला काही झालं तर? प्रबंधात ज्या समजुतीची तिने चिरफाड केली होती, तीच तिच्या पोटात अगदी शाबूत बसलेली निघाली. पुराणातली वांगी पुराणात राहिली. अंबिकाने मान खाली घातली.

बाणूबाईला जे कळायचं ते कळलं. तिने पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लेक कवाधरनं बोलवायलीय मला. मीच न्हाई म्हनायलेव. बापजाद्याची रीत हाय, मी न्हाई मोडायची.” आणि हुग्गी लागेल म्हणत ती चुलीकडे गेली. निलम्माने हळद लावली. बायकांनी गाणं धरलं.

हे सुनीलकुमारच्या कानावर पडलं होतं. संध्याकाळी तो अंबिकाला म्हणाला की भरल्या मांडवात आईला बोलावलंस, तुझा अभिमान वाटला. तेव्हा खरं सांगता आलं असतं. ती नुसती हसली. नंतर त्याने ही गोष्ट मित्रांना सांगितली, शाळेत सांगितली, आणि एकदा गुलबर्ग्याला गेला तेव्हा मालतीबाईंनाही सांगितली. प्रत्येक वेळी अंबिका जवळ होती, आणि प्रत्येक वेळी अन्नातला खडा गिळावा तशी ती कौतुक गिळत होती.

प्रबंध अजून चालू होता, म्हणून लग्नानंतरही अंबिका विद्यापीठात जात होती. मालतीबाईंनी हट्टच धरला की आईला वर्गात आणायचं, पोरींनी तिला बघायला पाहिजे. अंबिकाने कामाच्या, उन्हाच्या, तब्येतीच्या सबबी सांगितल्या. त्या संपल्या तेव्हा बाणूबाई आली. तिला खुर्ची दिली, हार घातला. मालतीबाईंनी मराठीत मायेने विचारलं की लेकीने बोलावलं असताना तुम्ही हळद का लावली नाहीत. अंबिका पहिल्या बाकावर होती. आई आता खरं बोलेल, याची तिला धास्ती होती. बोलून मोकळी होऊ दे, असंही एकदा वाटलं.

बाणूबाईने लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. “लेक लई बोलवली बाई. मीच आडानी. धीर झाला न्हाई.”

मालतीबाईंनी ते कानडीत वर्गाला सांगितलं आणि पुढे समजावलं. बघा, लेक दार उघडून उभी आहे आणि आई उंबरठा ओलांडत नाही. बाईच रूढीची राखणदार होते ती अशी. कायदा बदलला तरी अशा मनांचं काय करायचं? पोरी वहीत लिहून घेऊ लागल्या. बाणूबाईकडे त्या कीव आल्यासारख्या बघत होत्या, आणि अंबिकासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

धनगराच्या बाईला कानडी कुठलं यायला, असं मालतीबाईंना वाटलं असावं. बाणूबाईचं अर्धं आयुष्य कानडी गावांच्या बाजारात घोंगड्या विकण्यात गेलं होतं. तिला त्यातला शब्दन् शब्द कळला. तो कळतोय, हे त्या खोलीत एकट्या अंबिकाला माहीत होतं. एकदा उठून खरं काय ते सांगावं म्हणून तिने बाकाची कड घट्ट धरली. टाळ्या थांबल्या तरी ती उठली नव्हती.

संध्याकाळी आईला बसवून द्यायला ती स्टँडवर गेली. मुडबीची बस लागली, बाणूबाई पायरीपर्यंत गेली आणि मागे वळली. कपाळावर आठी होती, परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखी.

“बरूबर बोलले न्हवं मी? तुझं काई इघडलं न्हाई न्हवं?”

“न्हाई, माय. बरूबर बोललीस,” अंबिका म्हणाली. ऐकून बाणूबाईचा चेहरा एकदम निवळला आणि ती खुशीत बसमध्ये चढली. अंबिका मात्र तिथेच उभी राहिली. इतकी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती.