कापडाखालचा समुद्र

बाबांच्या लेखी जगात एकच सिनेमा झाला: हॉलिवूडचा, वादळात सापडलेल्या जहाजाचा. बाकीच्यांनी नुसती रिळं वाया घालवली. तरुणपणी त्यांनी तो इतक्या वेळा पाहिला की पुढे आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्याचाच देखावा उभा केला. थर्माकोलचं जहाज, टेबलफॅनचा वारा आणि निळ्या कापडाचा समुद्र. कापडाखाली शिरून लाटा उसळवायच्या कामावर मी, वय वर्षं नऊ. दहाही दिवस लोक वाहवा करत होते आणि मी आत रांगून घामाघूम होत होते. तो देखावा समोरून कसा दिसायचा, ते मला आजतागायत ठाऊक नाही. कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "अगं, तिकडे खरा समुद्र होता. आपल्याकडे तू आहेस." याला ते कौतुक समजत.

म्हणून ते आम्स्टरडॅमला माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी डाव साधला. आम्ही राहतो त्या बुइटनव्हेल्डर्ट भागात, घराजवळच्या छोट्या हॉलमध्ये तोच सिनेमा लागणार होता आणि पाठोपाठ तो कसा बनवला याची फिल्म. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी एकदा म्हणावं, चुकलंच माझं.

हॉलंडची इथली जमीनच समुद्रसपाटीच्या खाली; तिथे बसून आम्ही ते वादळ पाहिलं. प्रत्येक प्रसंग बाबांनी आधीच मराठीतून मोठ्यांदा सांगून टाकला. पुढच्या रांगेतल्या डच आजी दोनदा मागे वळल्या. बाबांना वाटलं, त्यांनाही गोष्ट ऐकायची आहे.

मग दुसरी फिल्म सुरू झाली. जहाज स्टुडिओत फळ्यांवर डुलणारं. नायकाला पाण्याची भीती, त्यामुळे डोलकाठीवरून उडी मारणारा माणूस भलताच. आणि लांबवर दिसणारा समुद्र म्हणजे रंगवलेलं भलंमोठं कापड, त्याखाली ओणवी झालेली वीस-पंचवीस माणसं. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत होता, अजून जोरात! हुबेहूब बाबा.

मी विजयी मुद्रेने वळले. बाबांचा चेहरा एवढासा झाला होता. माझा सगळा आवेश ओसरला. कशाला आणलं यांना, असं होऊन गेलं.

घरी चालत येताना सायकलींच्या रस्त्यावरून बाजूला व्हा, म्हणून मी दोनदा ओरडले, ते बाबांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. दारात बूट काढताना म्हणाले, "त्या कापडाखालच्यांना निदान नंतर थिएटरात जाऊन बघता आलं असेल, नाही?"

"आलं असेल."

"तुला मी एकदाही बाहेर येऊ दिलं नाही."

बाबांनी स्टँडवर वाळत घातलेली निळी चादर ओढली, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि चक्क तिच्याखाली शिरले.

"तू सोफ्यावर बस," आतून आवाज आला. "समोर."

मी बसले. चादर हलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा समोरची जागा मिळाली होती आणि डोळे इतके भरून आले होते की मला काही धड दिसेना.