इक्बालभाईंच्या शेडची लाइन

फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात मेथी निवडत उभा होतो. पलीकडून इक्बालभाईंचा मेहुणा बोलत होता. "मास्तर, भाई गेले... मशीनवर शॉक बसला." कसा बसला, हे मी विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी बहुधा फक्त मलाच. याला आता दीड महिना झाला.

इक्बालभाई जुन्नरचे कातारी. देवघराचे खांब, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय त्यांच्या लेथवर असे उतरायचे की बोट फिरवत राहावंसं वाटे. मी तंत्रशाळेत वायरमनचा वर्ग शिकवायचो आणि वर्गाला लागणाऱ्या लाकडी फळ्या त्यांच्याकडून यायच्या, तेव्हापासूनची आमची ओळख. दोन वर्षांपूर्वी बाजारातलं भाड्याचं दुकान सोडावं लागलं, म्हणून त्यांनी घरामागे विटांच्या भिंतींवर पत्रा टाकून शेड उभारली आणि मला बोलावलं. "घरात लेकरं हायेत, मास्तर. लाइन अशी टाका, की मला घोर नाय राहिला पायजे." तशीच टाकली. मीटरपासून वेगळी केबल, जमिनीखालून पाइपात. शेडमध्ये स्वतंत्र बोर्ड, त्यावर वीज कुठे गळू लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडणारा ब्रेकर. बाहेर अर्थिंगचा खड्डा, गळालेली वीज ओल्या जमिनीत उतरवायला. तो त्यांनी स्वतः खणला, कमरेइतका आत उभे राहून; कोळसा आणि मीठही स्वतःच्या हातांनी भरलं. ब्रेकरची चाचणी दाखवली तर त्यांनी बायकोला, शमीमभाभींना हाक मारली. "हे बघ, मानूस चिकटायच्या आत लाइट जाती." भाभी हसल्या. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

या उन्हाळ्यात तो ब्रेकर सारखा पडू लागला. मी जाऊन तपासलं. ब्रेकर आपलं काम चोख करत होता, लेथची जुनी मोटार आतून गळत होती. ती उतरवून आळेफाट्याला रिवाइंडिंगला द्यायची, चार-पाच दिवस काम बंद. पण खोडदच्या एका घराची वास्तुशांत तोंडावर आली होती आणि देवघराचे खांब अर्धे राहिले होते. "तेवढं देवघर जाऊ द्या, मास्तर. मग उतरवू मोटार." तीस वर्षं मी पोरांना बजावत आलो, की पडणारा ब्रेकर आपल्याशी बोलत असतो, त्याचं तोंड बांधू नका. त्या दुपारी मी माझ्याच हातांनी त्याला वगळून लाइन थेट जोडली. "दोनच दिवस," म्हणालो. "रविवारी येऊन परत जोडतो."

रविवारी घरी पाहुणे आले. पुढच्या आठवड्यात ऊन फार होतं. कारण म्हणावं असं खरं तर काहीच नव्हतं... मध्ये एकदा फोनवर मी त्यांना विचारलं, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकता ना? ते म्हणाले, "नळाला तिसऱ्या दिवशी पानी येतंय राव. आमाला प्यायला पुरंना, जमिनीला कुठून पाजू?" आम्ही दोघंही हसलो. ब्रेकर वगळलेला, खड्डा कोरडा पडलेला. माणूस आणि मरण यांच्यामध्ये आता काही उरलं नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. मी हसून फोन ठेवला.

त्या सकाळी भाभी मागच्या मोरीवर भांडी घासत होत्या. "मशीन फिरत व्हतं, पण पटाशीचा आवाज थांबला," त्या सांगत होत्या. धावत जाऊन त्यांनी मेन स्विच पाडला. तोवर सगळं संपलं होतं.

दफनानंतर लोक म्हणाले, मशीनच जुनं व्हतं. मी मान हलवली. तीन आठवडे मान हलवत राहिलो. मग एका दुपारी जाऊन भाभींना सगळं सांगितलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं,

"त्यांना ठाव व्हतं का, धोका किती हाय ते?"

"नाही भाभी. मी नीट सांगितलं नव्हतं."

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मला घरी परतणं जरा सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाल्या, "ती लाइन काढून न्या, मास्तर. मला ती तिथं नको."

गेल्या आठवड्यात मी ती काढली. केबल ओढली, एकेक क्लिप सोडवली. शेवटी बोर्ड भिंतीवरून उतरवायला वाकलो, तर त्याच्या खाली भिंतीवर, सुतारी पेन्सिलीने, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसलं. घरातल्यांसाठीच असावं. 'मास्तर येईस्तोवर कुनी हात लावू नये.'

बोर्ड काढला. भिंत तशीच ठेवली.